परदेशी शिक्षण आणि प्रवेशपरीक्षेची निवड : मुंबई इलाख्याचा अनुभव

(१)

परदेशी विद्यापीठात उच्च शिक्षण घेण्याचा संकल्प करणाऱ्या पदवीधरापुढे पहिला प्रश्न विद्यापीठाच्या निवडीचा असतो, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः त्याच्याही अगोदर दुसरा एक प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे कोणत्या परीक्षेची तयारी करावयाची. ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर शहरात बेव्हर्ली पार्कसारख्या वसाहतीत राहणारा अभियांत्रिकीचा अथवा वाणिज्य शाखेचा पदवीधर आज जीआरई द्यावी की जीमॅट, टोफेल पत्करावी की आयईएलटीएस, याचा हिशेब मांडीत असतो. हा हिशेब बहुधा सोपेपणाचा असतो. कोणत्या परीक्षेत गणित कमी, कोणत्या परीक्षेत शब्दसंग्रहाचा भार हलका, एवढ्यावरच निर्णय होतो.

या प्रश्नाचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपासून मुंबई इलाख्यातील तरुणांना त्याचे उत्तर शोधावे लागले आहे. त्यांचा अनुभव तपासला असता एक गोष्ट स्पष्ट होते. परीक्षा ही केवळ गुणवत्ता मोजण्याचे साधन कधीच नव्हती. वयाची अट, परीक्षेचे स्थान, विषयांना नेमून दिलेले गुण आणि परीक्षेपुढील मार्ग या चार गोष्टींनी विद्यार्थ्याचे भवितव्य उत्तरपत्रिकेस हात लावण्यापूर्वीच बऱ्याच अंशी ठरविलेले असे. प्रस्तुत लेखात या चार गोष्टींचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

(२)

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महत्त्वाकांक्षी हिंदी तरुणास इंग्लंडकडे ओढणारी प्रमुख परीक्षा म्हणजे इंडियन सिव्हिल सर्व्हिसची स्पर्धा परीक्षा होय. ती नोकरीची परीक्षा होती, विद्यापीठ-प्रवेशाची नव्हे, हे खरे. परंतु ती लंडनमध्येच होत असल्याने तिच्यासाठी परदेशगमन अपरिहार्य होते, आणि उत्तीर्ण उमेदवारास पुढील उमेदवारीचा काळही इंग्लंडातच अध्ययनात घालवावा लागे. १८५३ च्या सनदी कायद्याने कंपनीच्या संचालकांचा नेमणुकीचा अधिकार संपुष्टात आणला आणि १८५५ साली पहिली खुली परीक्षा झाली.

या परीक्षेत कोणताही विषय सक्तीचा नव्हता. उमेदवाराने आपल्याला अनुकूल विषय निवडावेत, अशी योजना होती. वरकरणी ही योजना उदार दिसते. परंतु १८५५ च्या नियमांत ग्रीक व लॅटिन यांना प्रत्येकी ७५० गुण होते, तर संस्कृत व अरबी यांना प्रत्येकी ३७५. लहानपणापासून लॅटिन घोकलेल्या इंग्रज मुलास त्याचे शालेय शिक्षण जितके फळ देई, त्याच्या निम्मेच फळ संस्कृताचे परिपूर्ण ज्ञान असलेल्या पुण्याच्या विद्यार्थ्यास मिळे. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य दोघांनाही सारखे होते, निवडीचे मोल मात्र सारखे नव्हते.

(३)

वयाच्या अटीचा परिणाम याहून कठोर झाला. प्रारंभी २३ असलेली कमाल वयोमर्यादा १८६० साली २२, १८६६ साली २१ आणि १८७८ साली १९ वर आली. या आकड्यांचा अर्थ मुंबईच्या पदवीधरांच्या वयाशी ताडून पाहिला पाहिजे. १८६२ साली मुंबई विद्यापीठाची पहिली बी. ए. परीक्षा झाली. तीत उत्तीर्ण झालेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे १८३७ साली जन्मलेले होते, म्हणजे त्यांनी वयोमर्यादा आधीच ओलांडली होती. १८४२ साली जन्मलेल्या महादेव गोविंद रानडे यांच्यापाशी सुमारे दोन वर्षे शिल्लक होती. १८७८ नंतर तर विसाव्या वर्षी पदवी घेणाऱ्या रानड्यांसारख्या विद्यार्थ्यासही हा मार्ग बंद झाला असता. १८८४ साली अठराव्या वर्षी बी. ए. झालेले गोपाळ कृष्ण गोखले हे लवकर पदवी मिळविणाऱ्यांचे उदाहरण, परंतु त्यांच्या वयाच्या पदवीधराच्या हातीही प्रवास, निवास आणि तयारी या सर्वांसाठी मिळून वर्षाहून अधिक काळ उरत नसे. तात्पर्य, हिंदी विद्यापीठाची पदवी आणि ही परीक्षा या दोहोंपैकी एकच गोष्ट साधणे शक्य होते. ज्या कुटुंबास मुलगा कोवळ्या वयातच इंग्लंडात पाठविणे परवडेल, त्यालाच दुसरी साधता येई.

वयाची गणना हीदेखील निर्विवाद बाब नव्हती. १८६९ साली मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर हे सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त आणि बिहारीलाल गुप्त यांच्यासमवेत या परीक्षेत उत्तीर्ण झाले. परंतु ठाकूर आणि बॅनर्जी या दोघांच्या वयाविषयी शंका काढण्यात येऊन त्यांची निवड रद्द झाली. बॅनर्जी यांच्या कलकत्ता विद्यापीठातील नोंदीत वय सोळा लिहिलेले होते. आपल्याकडे सोळावे लागले की वय सोळा सांगण्याची रीत आहे, तर इंग्रजी रीतीने सोळा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. एका वर्षाच्या या फरकावर दोन उमेदवारांचे सर्व श्रम व्यर्थ जाण्याची वेळ आली. प्रकरण लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयापर्यंत गेले आणि अखेरीस दोघांनाही परत घेण्यात आले.

या अनुभवामुळे परीक्षेच्या अटी हा राजकीय प्रश्न बनला. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईस भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाने परीक्षा इंग्लंड व हिंदुस्थान येथे एकाच वेळी घ्यावी आणि वयोमर्यादा २३ पर्यंत वाढवावी, अशी मागणी केली. वयोमर्यादा १८९२ साली वाढली. स्थानाविषयीची मागणी मात्र १९२२ साली अलाहाबाद येथे परीक्षा होईपर्यंत लोंबकळत राहिली. कॉमन्स सभेने १८९३ सालीच अनुकूल ठराव केला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे ठराव आणि अंमलबजावणी यांतील अंतर किती दीर्घ होते ते कळते.

(४)

सिव्हिल सर्व्हिसखेरीज अन्य मार्गही होते. गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीची परीक्षा हिंदुस्थानात देता येई, आणि तिच्यातील यशाने ब्रिटनमधील विद्यापीठीय शिक्षणाचा खर्च भागे. १८८२ साली बंगालचे प्रफुल्लचंद्र राय आणि मुंबईचे बहादुरजी यांनी ती मिळविली. परीक्षा देण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नसला, तरी लंडन विद्यापीठाच्या मॅट्रिक्युलेशनच्या दर्जाची ही परीक्षा अनेक भाषांचे ज्ञान मागे. स्थानाची अडचण दूर झाली, विषयांची राहिली.

रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी गावी १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात गेले आणि १८९९ साली गणिताच्या ट्रायपॉसमध्ये संयुक्तपणे सीनिअर रँग्लर ठरले. वयोमर्यादा वाढलेली असल्याने सिव्हिल सर्व्हिसचा मार्ग वयाच्या दृष्टीने त्यांना बंद नव्हता. तथापि ते परतून अध्यापनात शिरले आणि १९०२ साली फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. याउलट चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांनी १९१७ साली केंब्रिजमध्येच निसर्गविज्ञानाचा ट्रायपॉस पूर्ण केला आणि १९१८ साली सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत पहिला क्रमांक मिळविला. त्याच मार्गाने पुढे प्रशासन आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरपद आले. दोघांची बुद्धिमत्ता निर्विवाद होती आणि विद्यापीठही एकच होते. परंतु ज्या परीक्षेस शेवटची मानले ती भिन्न असल्याने एकाचे आयुष्य वर्गाकडे आणि दुसऱ्याचे कचेरीकडे वळले.

(५)

अमेरिकेचा मार्ग प्रारंभापासून वेगळा होता. कल्याण येथे जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, तेव्हा त्यांच्यापाशी मॅट्रिक्युलेशनचेही प्रमाणपत्र नव्हते. पत्राद्वारे केलेला अर्ज आणि त्यात मांडलेला हेतू यांवर त्यांना प्रवेश मिळाला. १८८६ च्या मार्चमध्ये त्या एम. डी. झाल्या. त्या काळच्या ब्रिटिश परीक्षापद्धतीत त्यांना कोठे उभे राहता आले असते, हा प्रश्न उद्बोधक आहे.

भीमराव रामजी आंबेडकर हे १९१३ साली मुंबईच्या बी. ए. पदवीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. पदव्युत्तर प्रवेशासाठी समाईक परीक्षा अशी त्या वेळी अस्तित्वातच नव्हती. बडोदे संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांपुरती होती. १९१५ साली ते एम. ए. झाले. १९१६ साली त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन येथे नाव घातले, परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली त्यांनी डी. एस्‌सी. मिळविली. या प्रकरणात अडसर परीक्षेचा नव्हता, पैशाचा आणि मुदतीचा होता. परीक्षा नाहीशी झाली म्हणजे विषमता नाहीशी होते असे नव्हे, हा धडा त्यातून मिळतो. मात्र वय, लॅटिन किंवा परीक्षेचे ठिकाण यांपैकी काहीही त्यांच्या आड आले नाही, हेही तितकेच खरे.

(६)

पदवीवर विसंबणाऱ्या अमेरिकन पद्धतीची अडचण अमेरिकेतच निर्माण झाली. महाविद्यालये वाढली तशी त्यांच्या पदव्यांचे मोल सारखे राहिले नाही. कार्नेगी प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया या विद्यापीठांत १९३७ साली प्रायोगिक स्वरूपात जी परीक्षा घेण्यात आली, तीच पुढे जीआरई म्हणून प्रसिद्धीस आली. १९४८ पासून ती एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेकडे गेली. व्यवस्थापनशिक्षणाच्या विद्यालयांनी आपली स्वतंत्र परीक्षा १९५४ साली सुरू केली आणि १९७६ साली तिला जीमॅट हे नाव मिळाले. परभाषक विद्यार्थ्यांचे इंग्रजी जोखणारी टोफेल १९६४ साली आली, आणि ब्रिटिश परंपरेतील आयईएलटीएस १९८९ साली.

या नव्या परीक्षांत जुन्या दोन अन्यायांचे निवारण झाले. वयाची कमाल मर्यादा राहिली नाही, आणि परीक्षा मुंबईत देता येऊ लागली. २०२० पासून जीआरई व जीमॅट घरबसल्या संगणकावर देण्याचीही सोय झाली. परंतु वयाच्या जागी आता गुणांची मुदत आली आहे. जीआरई व जीमॅट यांचे गुण पाच वर्षे, तर टोफेल व आयईएलटीएस यांचे दोनच वर्षे ग्राह्य धरले जातात. घाईने भाषेची परीक्षा देऊन नंतर नोकरीत रमणाऱ्या विद्यार्थ्याचे शुल्क आणि श्रम दोन्ही वाया जातात.

गुणांच्या विभागणीचा प्रश्नही संपलेला नाही. २०२३ च्या सप्टेंबरपासून जीआरई दोन तासांहून किंचित कमी अवधीची झाली असून तिच्या भाषा व गणित विभागांचे गुण १३० ते १७० या श्रेणीत, स्वतंत्रपणे दिले जातात. विश्लेषणात्मक लेखनाची श्रेणी निराळी. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आलेल्या जीमॅटच्या नव्या स्वरूपातून निबंध वगळला गेला आणि सामग्रीच्या विश्लेषणाचा विभाग गणित व भाषा यांच्या बरोबरीचा झाला. तिचे एकूण गुण २०५ ते ८०५ असतात. इतिहासाचा विद्यार्थी भाषाविभागातील उत्तम गुण वेगळे दाखवू शकतो, ही जीआरईची सोय जीमॅटच्या एकत्रित आकड्यात कमी होते. व्यवस्थापनविद्यालये जीआरईही स्वीकारू लागल्यापासून, आणि हार्वर्डच्या व्यवस्थापनविद्यालयाने ती २००९ साली मान्य केली, दोन परीक्षांतील सीमारेषा पुसट झाली आहे. उलट दिशेने मात्र तसे घडलेले नाही. विज्ञान अथवा मानव्यविद्या यांच्या पदव्युत्तर विभागांत जीमॅटचा सहसा उपयोग होत नाही. शिवाय २०२० नंतर अनेक अमेरिकन विभागांनी जीआरईची अटच काढून टाकली किंवा ऐच्छिक केली. अशा ठिकाणी पदवी, शिफारसपत्रे आणि हेतूचे निवेदन यांनाच पुन्हा महत्त्व आले आहे.

(७)

वरील विवेचनावरून आजच्या विद्यार्थ्याने सोपेपणाच्या प्रश्नापूर्वी तीन प्रश्न विचारणे इष्ट ठरते. ही परीक्षा कोणत्या विषयाकडे व कोणत्या देशाकडे नेते? आपण आजवर जे शिकलो त्याचे मोल ती किती धरते? आणि तिचे फळ किती काळ टिकते? विषय अनिश्चित असेल तर अधिक विभागांत चालणारी परीक्षा निवडावी. व्यवस्थापनाचा निर्धार पक्का असेल तर जीमॅटचा विचार योग्य. इष्ट विभाग जीआरई मागतच नसेल तर तिच्यावर घालविले जाणारे महिने प्रबंधास किंवा प्रयोगशाळेतील कामास द्यावेत. भाषेची परीक्षा अर्जाच्या तारखा निश्चित झाल्यावरच द्यावी.

ठाकूर आणि बॅनर्जी यांना परीक्षेची अट न्यायालयात जाऊन तपासावी लागली, आणि १८८५ च्या पिढीला ती बदलून घेण्यासाठी सभा भरवावी लागली. आजच्या पदवीधरापुढे अटी छापील स्वरूपात, सर्वांस उपलब्ध अशा आहेत. त्या वाचल्याविना परीक्षेस बसणे म्हणजे मागील पिढ्यांनी कष्टाने मिळविलेला निवडीचा अधिकार न वापरताच सोडून देणे होय.