पागडी म्हणजे काय? डोक्यावरची पगडी खोलीच्या व्यवहारात कशी आली?

"पागडीची रूम आहे, मालक तयार आहे, बोला!" गिरगाव, दादर, परळ, लालबागमध्ये घर शोधणाऱ्यांच्या कानावर हे वाक्य हमखास पडतं. पण अशी रूम घेणारा नेमकं काय विकत घेतो? घर तर नाहीच. तो घेतो भाडेकरू असण्याचा हक्क. मालकी घरमालकाकडेच राहते, घेणाऱ्याच्या नावावर होते ती फक्त भाडेपावती.

शब्द आला तो डोक्यावरच्या पगडीवरून. गुजरातीत तिलाच 'पाघडी' म्हणतात. शेला-पागोटं देऊन मान राखायची आपल्याकडची रीत जुनी. तसाच खोली देणाऱ्या मालकाचा 'मान' म्हणून दिलेली रक्कम ती पागडी, असं सांगितलं जातं. कोलकात्यात याच पैशाला 'सलामी' म्हणतात. शब्द वेगळा, भाव तोच.

मानाचा हा पैसा लाखांत कसा गेला, याचं उत्तर 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात आहे. या कायद्याने जुन्या घरांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला सहज काढताही येईना. शहर वाढत गेलं, जागेची किंमत आभाळाला भिडली, भाडं मात्र तिथंच राहिलं. मग खरी किंमत भाड्यातून नाही, तर पागडीतून वसूल होऊ लागली. गंमत म्हणजे याच कायद्याने पागडी घेणं गुन्हा ठरवलं होतं! त्यामुळे अनेक वर्षं हे व्यवहार रोखीत, विनापावती चालले. फसवणूक झाली तरी दाद मागायची कुठे?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 56 ने पागडीला मान्यता दिली. भाडं दरवर्षी 4 टक्के वाढवायची मुभाही मालकाला मिळाली.

व्यवहार असा होतो. समजा, परळमधली खोली 30 लाखांना गेली. रिवाजाप्रमाणे साधारण एक तृतीयांश, म्हणजे 10 लाख मालकाला आणि उरलेले जुन्या भाडेकरूला. हा वाटा कायद्यात लिहिलेला नाही, तो ठरतो बोलणीत. मालकाची संमती मात्र हवीच. ती नसताना खोली दुसऱ्याला दिली, तर घर खाली करण्याचा दावा लागू शकतो. आणि पावती नावावर होत नाही तोवर नव्या माणसाच्या हातात काहीच नसतं.

घरोघरी होणारा एक गैरसमज: "बाबांनी मृत्युपत्रात खोली माझ्या नावे केलीय." भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये सांगितलं आहे. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क आधी येतो. असं कुणी नसेल, तरच इतर वारसांचा.

बीडीडी चाळी या हिशेबात बसत नाहीत, तिथला मालक सरकार आहे. खासगी मालकीच्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास 33(7) या नियमाखाली झाला, तर पात्र भाडेकरूला किमान 300 चौरस फूट कार्पेट क्षेत्राचं घर मालकी हक्काने मिळतं. इमारत पाडली म्हणून भाडेहक्क संपत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे खोली रिकामी करण्यापूर्वी जुन्या भाडेपावत्या, वीजबिलं आणि विकासकाशी केलेला नोंदणीकृत करार जवळ असायला हवा.