ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचा विद्यार्थी

अमीन सायानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले. हिंदी रेडिओचा बादशहा गेला, असं सगळ्यांनी म्हटलं. ते खरंच आहे. पण हिंदी ही या बादशहाच्या घरची भाषा नव्हती, हे फारसं कोणी बोललं नाही.

सायानी मुंबईचे, जन्म १९३२ चा. घर गुजराती, सुरुवातीचं शिक्षणही गुजरातीतून. आई कुलसुम सायानी गांधीजींच्या प्रेरणेने 'रहबर' नावाचं पाक्षिक काढायच्या. भाषा एकच, सोपी हिंदुस्थानी. छपाई मात्र देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. मुलगा या कामात आईला हातभार लावायचा. पुढे तो शिकायला गेला ग्वाल्हेरला, किल्ल्यावरच्या सिंदिया स्कूलमध्ये. १८९७ साली सरदारांच्या मुलांसाठी निघालेली ही शाळा. दरबार मराठी, बाजार हिंदी, असं हे गाव. गुजराती घरातल्या पोराला इथे परकं वाटायचं कारण नव्हतं.

आकाशवाणीची वाट मोठे भाऊ हमीद यांनी दाखवली. अमीन यांची सुरुवात झाली इंग्रजीतून; हिंदीकडे ते नंतर वळले.

आता यातली गंमत पाहा. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले. हा मराठी माणूस शास्त्रीय संगीताचा भोक्ता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, तेव्हापासून आपल्याकडे या गाण्याला मान आहेच. केसकरांनी रेडिओवर त्याला जागा दिली, हे त्यांचं मोठं काम. पण सोबत सिनेसंगीताला कात्री लावली, आणि श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले. तिथे त्याच वर्षी डिसेंबरात 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदकाला आठवड्याचे पंचवीस रुपये. इतक्या कमी पैशांत कोणी तयार होईना, म्हणून काम तरुण अमीनकडे आलं. ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचं आणि फिती कोलंबोला जायच्या. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली म्हणतात!

त्यांच्या बोलण्यात जड संस्कृत नव्हतं आणि जड फारसीही नव्हती. 'रहबर'ची सोपी हिंदुस्थानीच त्यांनी रेडिओवर आणली. "बहनों और भाइयों" म्हणताना बहिणी आधी! शेवटी १९५७ मध्ये सरकारलाही विविध भारती काढावी लागली, आणि १९८९ मध्ये खुद्द गीतमालाच तिथे आली.

हे सगळं मी गोव्यात बसून लिहितोय, त्याला कारण आहे. आमच्याकडे राजभाषा कायदा १९८७ साली झाला. पण मराठी की कोंकणी, देवनागरी की रोमी, हे वाद अजून चालूच आहेत. मी मराठीवाला आहे, ते लपवत नाही. सरकारी कचेरीत फायली हलवतो. तिथे अर्ज घेऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसाला कागदावरचं मराठी कळत नाही, कोंकणी कळत नाही आणि इंग्रजी तर नाहीच. भाषा आमची की तुमची, हे आपण हिरीरीने भांडतो. ती समोरच्याला कळली का, हे विचारायचं राहूनच जातं.

कुलसुमबाईंनी एका भाषेला तीन लिप्या दिल्या, आणि त्यामुळे भाषा बाटली नाही. त्यांच्या मुलाने तर दुसऱ्यांची भाषा शिकून ती घराघरांत नेली. आपल्या भाषांबद्दल बोलताना आपण हे मायलेक आठवायला हवेत. तुम्हाला काय वाटतं?