आंदोलनं टिपणारा कॅमेरा: पैसा कसा उभा करायचा?

२९ ऑगस्ट २०२३ रोजी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला तिथं लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला आणि हे छोटं गाव राज्यभर माहीत झालं. जून २०२४ मध्ये त्याच अंबड तालुक्यात, वडीगोद्रीला लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी उपोषणाला बसले. अशा वेळी स्वतःचा कॅमेरा घेऊन तालुक्यातलीच मुलं धावतात. पण गर्दीत कॅमेरा फुटला, तर मुक्त छायाचित्रकाराच्या मागे भरपाई देणारं ऑफिस नसतं. म्हणून आधी हिशोब, मग खरेदी.

काय घ्यायचं?
सुरुवातीला वापरलेली चांगली बॉडी आणि एक झूम लेन्स पुरते. जादा बॅटरी, दोन मेमरी कार्ड, हेल्मेट आणि डोळे झाकणारा गॉगल यांचे पैसे आधीच बाजूला काढा. महागडी लेन्स लग्नाच्या ऑर्डरसारखी भाड्याने आणता येते.

पैसा कुठून?
व्याज टाळायचं असेल तर भिशी सोपी. दहा जणांनी महिना ३ हजार टाकले, की ज्याचा नंबर त्याच्या हातात ३० हजार येतात. नात्यात, ओळखीत कर्ज-ए-हसना मिळत असेल तर घ्या, पण लिहून घ्या. रक्कम, मुदत, साक्षीदार सगळं कागदावर हवं. सूरह बकरात कर्ज लिहून ठेवायलाच सांगितलं आहे.

सरकारी मार्गही आहेत, मात्र तिथं व्याज द्यावं लागतं. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं. अल्पसंख्याकांसाठी राज्याचं मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे. अर्जात ‘आंदोलनाचे फोटो’ एवढंच लिहू नका. लग्न, शाळा, दुकानांचं कामही दाखवा. हप्ता त्याच कमाईतून जाणार आहे.

फुटला तर?
पत्रकारांवरचे हल्ले रोखण्यासाठी राज्यात २०१७ चा कायदा आहे. दोषीला ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. मात्र त्यात माध्यम संस्थेत नियमित किंवा कंत्राटावर काम करणारा पत्रकार धरला आहे. कुठलाच कागद नसलेला मुक्त छायाचित्रकार इथंच अडकतो. म्हणून एक-दोन फोटो छापणाऱ्या संपादकाकडूनही कामाचं पत्र मागा. खरेदीचं बिल आणि सीरियल नंबर घरी ठेवा. विमा घेताना दंगलीतलं नुकसान त्यात धरलंय का, हे आधी विचारा.

फोटो कुणाचा?
१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही स्वतःहून काढलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्हीच. पण कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर हक्क त्याच्याकडे जातो. ‘एकदाच छापायला दिला’ एवढं मेलमध्ये लिहिलं तरी तोच फोटो पुढं दुसऱ्याला विकता येतो.

घरच्यांना आमचं एवढंच सांगणं: पोराला कॅमेरा घेऊन द्या, पण दागिने मोडून नको. पहिला कॅमेरा असा असावा, की तो फुटला तरी घर चालेल.