साडेसात पौंडांचा हिशेब

इतिहासाशी माझे कधी जमले नाही. शाळेत सनावळ्या पाठ होईनात म्हणून मी कॉमर्सला गेलो, आणि कॉमर्सला गेलो म्हणून बँकेत चिकटलो. त्यामुळे आता इतिहास वाचायला घेतला, तरी मी लढाया सोडून त्यातला जमाखर्च तेवढा पाहतो.

गेल्या वर्षी आमचा मेहुणा कंपनीच्या कामासाठी स्कॉटलंडात एडिंबऱ्याला जाऊन आला. किल्ला पाहिला, पाऊस पाहिला, आणि "भाऊजी, तिथल्या विद्यापीठाच्या शरीरशास्त्र संग्रहालयात एका खुन्याचा सांगाडा ठेवलाय!" हे त्याने श्रीखंड खाता खाता सांगितले. सौ.ने "जेवताना कसले मेले विषय!" म्हणून श्रीखंडाचे पातेलेच उचलले. श्रीखंड गेले, विषय राहिला. मग मी मिळेल ते वाचून काढले.

तर त्या खुन्याचे नाव विल्यम बर्क. आयर्लंडहून कालव्याच्या खोदकामावर मजूर म्हणून आलेला. त्याचा जोडीदार विल्यम हेअर, तोही आयरिशच. वेस्ट पोर्ट भागात टॅनर्स क्लोज नावाच्या बोळात हेअर नवरा-बायको गोरगरिबांना झोपायला जागा भाड्याने देत. 1827 च्या नोव्हेंबरात तिथे डोनाल्ड नावाचा म्हातारा पेन्शनर वारला. आजाराने, अगदी रीतसर. पेन्शन यायची होती आणि भाड्याचे 4 पौंड थकले होते.

आमच्याकडे याला बुडीत कर्ज म्हणतात. आम्ही जामीनदाराला पत्र लिहितो, मग स्मरणपत्र, मग स्मरणपत्राचे स्मरणपत्र. हेअरकडे एवढी स्टेशनरी नव्हती. त्याने आणि बर्कने शवपेटीत झाडाची साल भरली आणि म्हातारा सर्जन्स स्क्वेअरमधल्या डॉक्टर रॉबर्ट नॉक्स यांच्या शरीरशास्त्राच्या शाळेत नेऊन विकला. आले 7 पौंड 10 शिलिंग. थकबाकीमुळे हेअरला जास्त, म्हणजे 4 पौंड 5 शिलिंग. बर्कला 3 पौंड 5 शिलिंग. मी बेरीज करून पाहिली. जुळते.

या बाजाराचे कारण त्या शहरातच होते. वैद्यकीय शिक्षणासाठी एडिंबऱ्याचे नाव मोठे, विद्यार्थी शेकडो. पण चिरफाडीसाठी कायद्याने मिळणारी प्रेते मोजकी, मुख्यतः फाशी गेलेल्यांची. मागणी जास्त, पुरवठा कमी. पुढचे कॉमर्सच्या पहिल्या वर्षाचे पोरही सांगेल. प्रेते चोरीला जाऊ लागली. लोक कबरींवर लोखंडी पिंजरे बसवू लागले, दफनभूमीत पहारे ठेवू लागले. ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत असे पिंजरे अजून आहेत. मेहुण्याने त्यांचा फोटो दाखवला तेव्हा आम्हाला ते कोंबड्यांचे खुराडे वाटले होते.

बर्क आणि हेअर कबरी उकरायच्या फंदात पडले नाहीत. डोनाल्डनंतर त्यांनी कुणी मरायची वाटच पाहिली नाही. साधारण वर्षभरात 16 माणसे. पोटभर दारू पाजायची आणि नाकतोंड दाबायचे, म्हणजे अंगावर खूण नाही. दर ठरलेला: हिवाळ्यात 10 पौंड, उन्हाळ्यात 8. गेली ती सगळी गरीब, एकटीदुकटी माणसे. त्यांत एक आजी आणि तिचा नातूसुद्धा. जेमी नावाचा एक लंगडा, भोळसट पोरगा होता. त्याला सारे गाव ओळखत असे. तो टेबलावर आला तेव्हा विद्यार्थ्यांनी ओळखले म्हणतात. नॉक्स म्हणाले, हा तो नव्हेच. डॉक्टर विद्वान होते, प्रतिष्ठित होते. पैसे वेळेवर देत. "हा माणूस कुठून आणलात?" एवढे मात्र विचारायचे राहिले.

ते विचारले दुसऱ्यांनीच. 31 ऑक्टोबर 1828 च्या रात्री मार्गारेट डॉकर्टी नावाच्या बाईला मारून बर्कने तिला गवताखाली लपवले. त्याच्याकडे ग्रे नावाचे एक गरीब जोडपे पोराबाळासह उतरले होते. ग्रेबाई पोराचे मोजे शोधायला गेल्या आणि गवताखाली प्रेत निघाले. बर्कच्या बाईने गयावया केली: गप्प बसा, आठवड्याला 10 पौंड मिळतील. ज्यांना दुसऱ्याच्या गवतावर झोपावे लागत होते, त्यांना आठवड्याला 10 पौंड! नवरा-बायको उठली आणि थेट पोलिसांकडे गेली.

हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. बर्कला 28 जानेवारी 1829 रोजी हजारोंच्या गर्दीत फाशी दिले, आणि त्याचेही प्रेत विद्यापीठात चिरफाडीला गेले. तोच तो सांगाडा. शेवटच्या प्रेताचे 5 पौंड नॉक्सकडून यायचे राहिले, ते मिळाले तर फाशीला जाताना बरा कोट घालता येईल, असे तो तुरुंगात म्हणाला होता म्हणे. येणे बाकी ठेवून गेला. नॉक्सवर खटला झालाच नाही. पुढे 1832 साली कायदा झाला आणि ज्यांना कुणी वाली नाही अशा, अनाथ-गरिबांच्या आश्रमांत मेलेल्यांची प्रेते वैद्यकशाळांना देण्याची सोय झाली. खून थांबले. टेबलावर येणारे मात्र गरीबच राहिले.

हे वाचून मी नॉक्सना मनसोक्त शिव्या घातल्या आणि मग मला गेला नोव्हेंबर आठवला. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे हयातीच्या दाखल्यांचा महिना. एक पेन्शनर आजी आल्या होत्या. अंगठा मशीनवर उमटेना. मी म्हणालो, "आजी, तुम्ही जिवंत आहात हे सिद्ध होत नाही. उद्या या." आजी उद्या आल्या. परवाही आल्या. त्याच दिवशी एक गृहस्थ भलीमोठी बॅग घेऊन आले. त्यांना केबिनमध्ये चहा गेला, बॅग माझ्यापुढे आली. साहेबांनी काचेतून डोळ्यांनीच खूण केली आणि मी नोटा मोजल्या. कुठून आणल्या, हे विचारले नाही. संध्याकाळी कॅश पैशापर्यंत जुळली. नॉक्सच्या वहीतही रोज जुळतच असेल.

यंदा आजी आल्या की मी काउंटरबाहेर उठून जाणार आहे, एवढे ठरवले आहे. बॅगवाल्याचे काय करायचे, ते मात्र ग्रे नवरा-बायकोला विचारावे लागेल.