लोखंडी घोडा आणि बंद किनारा

तैवानी बोलीत सायकलला एक जुना शब्द आहे, 'थी-बे'. म्हणजे लोखंडी घोडा. या घोड्यावर बसून अख्ख्या बेटाला एक चक्कर मारणं हा आता तिथे जवळजवळ सोळा संस्कारांपैकी एक झालाय. कॉलेज संपलं की निघा, नोकरी सोडली की निघा, निवृत्त झालात की निघा. मँडरिनमध्ये याला 'ह्वान-दाओ' म्हणतात, मराठीत बेटप्रदक्षिणा म्हणू. साधारण साडेनऊशे किलोमीटर, निवांत चालवली तर नऊ ते बारा दिवस. नर्मदा परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवतात ना, तसा इथे समुद्र उजव्या हाताला ठेवायचा. कारण मात्र अगदीच व्यावहारिक आहे: तिथे वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात, त्यामुळे घड्याळाच्या उलट दिशेने गेलं की सायकलवाला पाण्याच्या बाजूला राहतो.

एवढं ऐकलं की ही काहीतरी फार जुनी परंपरा असावी असं वाटतं. ती जुनी नाही. तिची हवा खऱ्या अर्थाने पसरली २००७ च्या आसपास. त्याआधी लोकांना हौस नव्हती असं नाही, पण बेटाला चक्कर मारायची तर किनारा मोकळा हवा, आणि तोच नव्हता!

मे १९४९ मध्ये तैवानवर लष्करी कायदा लागू झाला आणि तो उठला जुलै १९८७ मध्ये. अडतीस वर्षं. चीनकडून हल्ला होईल ही भीती, आणि आतून बंड होईल ही दुसरी भीती. त्यामुळे किनाऱ्याचा बराचसा भाग लष्कराच्या ताब्यात, पहारे, ठाणी. डोंगरात जायचं तर परवाना. समुद्राने वेढलेल्या देशात दोन पिढ्या समुद्राकडे पाठ करून वाढल्या. पूर्व किनाऱ्यासमोरचं हिरवं बेट (ल्यूदाव) आज पर्यटकांचं आवडतं ठिकाण आहे, पण तेव्हा तिथे राजकीय कैदी ठेवत.

त्यात पूर्व किनारा मुळातच अवघड. सुआओ ते ह्वालिएन या पट्ट्यात डोंगर सरळ समुद्रातच उतरतो. १८७४ मध्ये चिंग राजवटीने इथे पायवाट खोदली. पुढे बेट जपानकडे गेलं (१८९५ ते १९४५), तेव्हा तिची मोटार जाईल एवढी वाट झाली, १९३२ मध्ये. नंतरही कित्येक वर्षं हा रस्ता इतका अरुंद होता की वाहनांचे तांडे ठरलेल्या वेळी एका दिशेने सोडायचे आणि मग दुसऱ्या. दुहेरी वाहतूक पूर्ण लांबीवर सुरू झाली १९९० मध्ये. रेल्वेचंही तसंच: उत्तरेचा दुवा १९८० चा, दक्षिणेचा १९९१ चा. म्हणजे बेटाभोवतीचं रुळांचं कडं पूर्ण व्हायला १९९१ उजाडलं.

गंमत अशी की याच काळात हे बेट जगाला सायकली पुरवत होतं. १९८० च्या दशकाच्या मध्यावर वर्षाला एक कोटीच्या आसपास सायकली तैवानमधून निर्यात होत होत्या. या कहाणीतलं मोठं नाव म्हणजे जायंट. किंग लिऊ नावाच्या गृहस्थांची ईल माशांची शेती वादळात बुडाली आणि १९७२ मध्ये त्यांनी ताइचुंगजवळच्या दाज्या गावात सायकलींचा कारखाना काढला. नाव जायंट, पण काम दुसऱ्यांसाठी माल बनवून द्यायचं. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिकेची श्विन कंपनी. १९८० मध्ये श्विनच्या शिकागोच्या कारखान्यात संप झाला तेव्हा कामाचा मोठा भाग जायंटकडे आला.

आयटीवाल्या मंडळींना पुढचं वेगळं सांगायला नको. क्लायंट एकच, आणि तोच एक दिवस आणखी स्वस्त जागा शोधतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात श्विनने चीनमधल्या शेन्झेनच्या कंपनीशी सोयरीक केली. पण जायंटने १९८१ पासूनच स्वतःच्या नावाने सायकली विकायला सुरुवात केली होती आणि १९८६ मध्ये थेट हॉलंडमध्ये दुकान थाटलं. श्विनचं दिवाळं निघालं १९९२ मध्ये. (सर्व्हिसेस की प्रॉडक्ट हा आपला चहाच्या टपरीवरचा वाद तिथे असा निकालात निघाला.)

तरी स्वस्त सायकलींचा धंदा चीनकडे गेलाच. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तैवानची निर्यात निम्म्याहून खाली आली. २००३ मध्ये जायंट आणि मेरिडा या दोन कट्टर स्पर्धकांनी एकत्र येऊन 'ए-टीम' नावाची संघटना काढली, टोयोटाच्या पद्धतीने कारखाने सुधारले आणि महागड्या सायकलींकडे वळले. माझ्या मते बेटप्रदक्षिणेचं मूळ इथे आहे. महागडी सायकल ही कामावर जायची वस्तू नव्हे, ती हौसेची वस्तू. आणि हौस निर्माण करायची तर आधी घरच्यांना सायकलवर बसवायला हवं.

ठिणगी मात्र सिनेमाने पडली. २००७ मध्ये तिथल्या चित्रपटगृहांत 'आयलंड एट्यूड' आला. कमी ऐकू येणारा एक तरुण पाठीला गिटार अडकवून बेटाला चक्कर मारतो, बस्स, एवढंच कथानक. तो पाहून किंग लिऊ स्वतःच निघाले. वय ७३. पंधरा दिवसांत ९२७ किलोमीटर. पुढे ऐंशीव्या वर्षी पुन्हा गेले, या वेळी बारा दिवसांत. आयुष्यभर सायकली बनवलेल्या माणसाला आपलं बेट सायकलवरून बघायला त्र्याहत्तरावं वर्ष लागलं. यात धंद्याचा हिशोब नव्हता असं मी म्हणणार नाही, पण नुसत्या हिशोबाने त्या वयात साडेनऊशे किलोमीटर होत नाहीत.

मग सरकार जागं झालं. २०१५ च्या डिसेंबरमध्ये 'सायकल मार्ग क्रमांक १' जोडून पूर्ण केला गेला. दक्षिणेला शौखा नावाची खिंड लागते, उंची जेमतेम ४६० मीटर, पण तिथे फोटो काढल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. सुआओ ते ह्वालिएन हा टप्पा मात्र शहाणे लोक सायकल रेल्वेत टाकून करतात. दरडी आणि ट्रक, दोन्हींची भीती. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: वाटेतल्या अनेक पोलीस चौक्यांमध्ये सायकलवाल्यांसाठी हवेचा पंप, पाणी आणि पाने-पकडी ठेवलेल्या असतात. एकेकाळी ज्या किनाऱ्यावर 'इथे काय करताय?' असं दरडावलं जायचं, तिथे आता टायरमध्ये हवा भरून मिळते.

तैवानला 'देश' म्हणायचं की नाही यावर वाद आहेच. वू मिंग-यी यांची 'द स्टोलन बायसिकल' ही कादंबरी २०१८ मध्ये मॅन बुकर इंटरनॅशनलच्या लांब यादीत आली, तर लेखकाच्या नावापुढे तैवान लिहायचं की 'तैवान, चीन' यावरून रण पेटलं. लेखकाने जाहीर हरकत घेतली आणि शेवटी 'तैवान' एवढंच राहिलं. असो.

या गोष्टीला एक काळी किनारही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने जायंटच्या तैवानमध्ये बनलेल्या सायकली बंदरावरच अडवण्याचा आदेश काढला. आरोप असा की कारखान्यातल्या परदेशी मजुरांना कर्जात अडकवून, पगार रोखून राबवलं जातं. कंपनीने आदेशाविरुद्ध दाद मागायचं ठरवलं. हे मजूर आग्नेय आशियातल्या गरीब देशांतून दलालांना पैसे भरून येतात. सायकली तेच जोडतात, आणि बेटप्रदक्षिणेला लागणारी नऊ दिवसांची सुट्टी त्यांच्या करारात नसते.