पणजी : दिव्यांच्या पलीकडचें शहर

वाळवंटांतील लास वेगस या द्यूतनगरीच्या नांवाचा स्पॅनिश भाषेंतील अर्थ ‘कुरणें’ असा आहे. झऱ्यांकांठच्या हिरवळीवरून तें पडलें. १९०५ सालीं तेथें रेल्वेच्या भूखंडांचा लिलाव होऊन गांव वसलें, १९३१ सालीं नेवाडा राज्यानें जुगार कायदेशीर ठरविला, आणि पुढें जगाच्या ध्यानांत कुरण न राहतां फांसे तेवढे राहिले. आपल्याकडे हीच गत पणजीची होऊं पाहात आहे. नागपुराहून गोव्यास जाऊन आलेल्या तरुणांस ‘पणजींत काय पाहिलें?’ असें विचारावें, तर उत्तर बहुधा मांडवींतल्या झगमगत्या जहाजांपलीकडे जात नाहीं. मलाही हें शहर प्रथमदर्शनीं रुचलें नाहीं. आवड जडली ती पुढें, त्याच्या इतिहासाच्या वाटेनें.

हें शहर निसर्गानें दिलेलें नव्हे, माणसांनीं चिखलांतून काढलेलें आहे. विजापूरच्या आदिलशाहाचा नदीकांठचा वाडा, भोंवतीं वाळूचे ढीग, दलदल व माडांच्या बागा, एवढीच मूळची पणजी. १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवा घेतला, तेव्हां त्यांची राजधानी वरच्या अंगास, आजच्या जुन्या गोव्यांत होती. १६३३-३४ सालीं लिन्हारिशचा काउंट व्हाइसरॉय असतां पणजी ते रायबंदर असा सुमारें तीन किलोमीटरांचा कमानींचा बांध खाजणांतून घातला गेला. विसाव्या शतकांतील मांडवीचा पूल १९८६ च्या जुलैंत कोसळला. हा बांध मात्र आजही रहदारी वाहतो! साथींनीं जुनी राजधानी ओस पडत गेली, तसा पणजीचा भाग्योदय झाला. दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु हा १८२७ ते १८३५ पर्यंत गोव्याचा कारभारी होता. त्यानें वाळूचे ढीग सपाट केले, दलदली बुजविल्या, रस्ते आंखले. आणि १८३२ सालीं त्याच्याच अमदानींत सार्वजनिक ग्रंथालय निघालें. १८४३ सालीं पणजी अधिकृत राजधानी झाली. येथील महालक्ष्मीच्या देवळास परवानगी मिळाली ती १८१८ सालीं, म्हणजे इकडे पेशवाई बुडाली त्याच वर्षीं. हा योगायोग आम्हां मराठी वाचकांस चुटपुट लावून जातो.

जुगाराचा इतिहास त्या मानानें कालपरवांचा. १९७६ च्या गोव्याच्या कायद्यानें सार्वजनिक जुगारास आळा घातला. १९९२ च्या दुरुस्तीनें पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांस मुभा मिळाली, व १९९६ सालीं जहाजांवर पत्त्यांच्या मेजांस. खेळ जमिनीवर नको, पाण्यावर चालेल, असा हा न्याय. प्रत्यक्षांत जहाजांनीं नांगर टाकला तो मांडवींत, शहराच्या हांकेच्या अंतरावर. पुढें २०१२ सालीं लोखंडाच्या खाणी बंद पडल्या, तेव्हां या महसुलाचा मोह सरकारास सोडवेना. आणि त्यावर कित्येक घरांतील चूल पेटते, हेंही नाकारतां येत नाहीं. परंतु २०२० सालीं गोमंतकीयांस तेथें खेळण्याची बंदी झाली. स्वतःच्या लेंकरांस जें विष, तें पाहुण्यांस पक्वान्न कसें, याचें उत्तर मला अद्याप कोणीं दिलेलें नाहीं.

आदिलशाही वाड्यालगत आबे फारियाचा १९४५ सालीं बसविलेला पुतळा आहे. कांदोळीस १७५६ सालीं जन्मलेला हा पाद्री पॅरिसांत संमोहनविद्येचा आद्य अभ्यासक म्हणून गाजला. सायंकाळीं जहाजांवर दिवे लागले कीं त्याच्या पसरलेल्या हातांकडे पाहून हंसूं येतें. पण पणजी पाहावयाची असेल, तर सकाळींच निघावें. १८३२ चें तें ग्रंथालय आतां पाटो भागांत नव्या इमारतींत आहे. तेथून जवळच लिन्हारिशचा बांध सुरू होतो. त्यावरून रायबंदराकडे चालतांना एका हातास मांडवी असते, दुसऱ्या हातास मिठागरें.