हृदययंत्राचा जीर्णोद्धार

दिव्यातील तेल सरले म्हणजे ते पुन्हा घालावे, यात कोणास भय वाटत नाही. परंतु घरातील वडील माणसाच्या छातीत बसविलेल्या पेसमेकरची बॅटरी सरत आली, आता तो बदलावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले की साऱ्या घरावर चिंतेची छाया पसरते. ‘एकदा सोसले, आता पुन्हा शस्त्र कशाला?’ असा एकीकडे प्रश्न, तर ‘बदलावयाचाच, तर सर्वांत नवा व भारी घ्यावा,’ असा दुसरीकडे आग्रह. या दोहोंचा निवाडा करण्यास या यंत्राचा इतिहासच उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून निघालेला विद्युत्संदेश खालच्या कप्प्यांस पोहोचेनासा झाला म्हणजे नाडी अतिमंद होते व रोगी एकाएकी मूर्च्छित पडतो. डब्लिन येथील वैद्य ॲडम्स यांनी १८२७ साली व स्टोक्स यांनी १८४६ साली अशा मूर्च्छेची वर्णने लिहिली. उपाय हाती येण्यास मात्र त्यानंतर शंभरांवर वर्षे लागली. स्वीडनमधील आर्ने लार्सन या त्रेचाळीस वर्षांच्या गृहस्थांस अशा मूर्च्छा दिवसातून वीस-तीस वेळा येत. त्यांच्या पत्नी एल्से-मारी यांनी शस्त्रवैद्य ऑके सेनिंग व अभियंते रूने एल्मक्विस्ट यांच्यापाशी धरणेच धरले. माणसास बसविण्याजोगे यंत्र अद्याप तयार नाही, हे उत्तर त्यांनी मानले नाही. अखेर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी कारोलिन्स्का रुग्णालयात, शरीराच्या आत संपूर्ण बसविलेला जगातील पहिला पेसमेकर सुरू झाला. बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून राळेत ओतलेले ते यंत्र काही तासांतच बंद पडले! लागलीच दुसरे बसविले. तेही फार काळ टिकले नाही.

म्हणजे या यंत्राच्या इतिहासाचा आरंभच पालटाने झाला. पुढे लार्सन यांनी वीसहून अधिक यंत्रे वापरली, आणि २००१ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, ते कर्करोगाने निवर्तले. सेनिंग व एल्मक्विस्ट हे दोघेही त्यांच्या आधीच गेले होते. यंत्र बदलणे हे आयुष्य सरत आल्याचे चिन्ह नव्हे, याहून बोलका पुरावा कोणता हवा?

आता नवलाईविषयी. १९५८ सालच्या यंत्राची बॅटरी शरीराबाहेरून भारित करता येई. ती युक्ती मागे पडली. नंतरच्या पारायुक्त बॅटऱ्या बहुधा दोनेक वर्षांत सरत. म्हणून १९७० साली पॅरिस येथे प्लुटोनियमवर चालणारा पेसमेकर बसविण्यात आला. तो दशकानुदशके चालणारा खरा. परंतु १९७२ पासून लिथियमची साधी बॅटरी आली आणि तिने किरणोत्सर्गाचे लोढणे अनावश्यक ठरविले. याउलट हृदय अडखळेल तेव्हाच ठोका देणारी, बेर्कोविट्स यांची १९६० नंतरच्या दशकातील योजना सर्वत्र रूढ झाली. रोग्याची खरी अडचण जिने दूर केली, तीच नवलाई टिकली.

हीच कसोटी आपणही लावावी. चालताना वा जिना चढताना ज्यांचे हृदय आपोआप जलद होत नाही, त्यांस श्रमानुसार गती वाढविणारी सोय हितकर होय. एमआरआय तपासणीस चालणारे यंत्र हवे असल्यास जुन्या ताराही त्यास योग्य आहेत काय, हे विचारावे. कारण नुसती पेटी नवी असून भागत नाही. घरबसल्या यंत्राची खबर डॉक्टरांस पोहोचविणारी सोय दूरगावच्या रोग्यास विशेष उपयोगी. तारेविना, थेट हृदयातच बसणारा पेसमेकर अमेरिकेत २०१६ साली मान्य झाला. परंतु ज्यांच्या तारा सुस्थितीत आहेत, त्यांस त्याचे सहसा प्रयोजन नसते. शिवाय पुष्कळ वर्षे हृदयात राहिलेला असा पेसमेकर काढणे सोपे नसते.

बॅटरी संपण्याची सूचना बहुधा काही महिने आधी मिळते. तेव्हा घाबरू नये, आणि दिरंगाईही करू नये. जुन्या तारा तपासून त्यांसच नवी पेटी जोडतात, म्हणून हे काम सहसा पहिल्यापेक्षा लहान असते. तथापि जुनी जागा पुन्हा उघडल्याने जंतुसंसर्गाचा धोका पहिल्या खेपेपेक्षा अधिक. यास्तव ताप, गळू, मधुमेह यांपैकी काहीही लपवू नये, रक्त पातळ करणारी औषधे आपल्या मनाने थांबवू नयेत, की चालूही ठेवू नयेत, डॉक्टरांस विचारावे. यंत्रावाचून हृदय स्वतः किती ठोके देते, हेही त्यांच्याकडून आधीच समजून घ्यावे.

एल्से-मारी यांस वैद्यकाचे शिक्षण नव्हते. त्यांनी नेटाने विचारले, आणि उत्तर मिळेपर्यंत त्या हटल्या नाहीत. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांकरिता तेवढे तरी आपणांस करता येईल.